लहान विद्यापीठांतील यंत्रविद्या

अभियांत्रिकी शिकावयाची तर मोठेंच विद्यापीठ हवें, अशी पुष्कळ पालकांची समजूत असते. अमेरिकेंतील टेक्सस संस्थानांत लाँगव्ह्यू येथें असलेल्या लेटर्नो या लहान ख्रिस्ती विद्यापीठाचा इतिहास पाहतां ही समजूत तपासून घ्यावी, असें आम्हांस वाटतें.

रॉबर्ट लेटर्नो (१८८८–१९६९) यांनीं लहानपणींच शाळा सोडली. पुढें माती हलविणारीं प्रचंड यंत्रें बनवून ते नांवारूपास आले. १९४६ सालीं त्यांनीं व त्यांच्या पत्नीनें लष्कराच्या एका जुन्या रुग्णालयाच्या जागेंत ही संस्था काढली. महायुद्धाहून परतलेले तरुण तेथें एक दिवस वर्गांत बसत व दुसरे दिवशीं कारखान्यांत राबत. पुस्तकांतलें गणित लोखंडावर पारखलें जाई. १९६१ सालीं संस्थेचें महाविद्यालय व १९८९ सालीं विद्यापीठ झालें.

परंतु प्रार्थनेनें चुकलेलें गणित बरोबर होत नाहीं. तुळईवर भार पडतो तेव्हां तो बांधणाराचा धर्म विचारीत नाहीं. श्रद्धेचें काम निराळें आहे: कोणी पाहत नसतांहि माप खरें घेण्याची बुद्धि ती देते.

म्हणून पालकहो, संस्थेच्या आकारापेक्षां तीन गोष्टी आधीं विचाराव्या: पदवीस मान्यता आहे काय, कार्यशाळेंत विद्यार्थ्याचा हात चालतो काय, आणि खर्च आपणांस झेपेल काय? विद्यार्थ्यांनीं मात्र बीजगणिताशीं आजच मैत्री करावी. तें लहान व मोठ्या दोन्ही विद्यापीठांत सारखेंच लागतें.