कलादालन बंद होतं, काम चालू होतं (इयत्ता चौथी-पाचवीसाठी एक पाठ)



मागच्या पावसाळ्यात आमच्या एका वर्गखोलीच्या भिंतीला तडा गेला आणि ती खोली वापरायची नाही असं ठरलं. चौथीचा वर्ग मी देवळाच्या ओसरीत भरवू लागले. पहिले आठ दिवस माझी नुसती चिडचिड. तक्ते टांगायला जागा नाही, येणारे-जाणारे थांबून बघतात, मुलांचं लक्ष रस्त्याकडे. त्याच दिवसांत न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्च शहराच्या कलादालनाबद्दल वाचनात आलं आणि त्यावरच एक पाठ घेतला. तो इथे देते आहे.

सुरुवात पृथ्वीगोलापासून करा. न्यूझीलंड मुलांना शोधू द्या, सापडायला वेळ लागतो. मग कलादालनाचं नाव फळ्यावर लिहा: ते पुना ओ वाइफेतू. हे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे माओरी लोकांच्या भाषेतलं नाव. 'वाइफेतू' म्हणजे ज्या पाण्यात तारे दिसतात ते पाणी, आणि 'पुना' म्हणजे झरा. माझ्या वर्गाने हे नाव दिवसभर घोकलं!

ही इमारत 2003 साली लोकांसाठी उघडली. 4 सप्टेंबर 2010 ला पहाटे त्या भागात 7.1 तीव्रतेचा भूकंप झाला. नुकसान खूप झालं, पण माणसं वाचली. मग 22 फेब्रुवारी 2011 ला, दुपारी 12 वाजून 51 मिनिटांनी, भर जेवणाच्या सुट्टीत दुसरा धक्का बसला. त्याची तीव्रता 6.3, म्हणजे आधीच्यापेक्षा कमी. पण त्यात 185 माणसं गेली. कमी तीव्रतेने जास्त हानी कशी, हा प्रश्न मुलं विचारतातच. नाही विचारला तर तुम्ही विचारा. दुसऱ्या भूकंपाचं केंद्र शहराच्या अगदी जवळ होतं आणि जमिनीखाली फार खोल नव्हतं. टेबलाच्या एका टोकाला कान लावायला सांगा. आधी लांबून जोरात थाप मारा, मग कानाजवळ हलकेच. लगेच समजतं.

कलादालनाची इमारत या धक्क्यात पडली नाही. इतकी टिकली की बचावकार्याचं मुख्यालयच तिथे थाटलं गेलं आणि प्रदर्शनाच्या दालनांत टेबलं, फोन, नकाशे आले. पुढे ते लोक गेले, तरी दारं उघडता येईनात. खालची जमीन कमी-जास्त खचली होती आणि शेजारची उंच इमारत पाडायची होती. उघडण्याची तारीख पुढे पुढे जात राहिली. शेवटी दारं उघडली ती 19 डिसेंबर 2015 ला. जवळजवळ पाच वर्षांनी!

मग या पाच वर्षांत तिथल्या लोकांनी काय केलं? ते शहरात बाहेर पडले. पाडलेल्या इमारतींच्या मोकळ्या जागा, उघड्या पडलेल्या भिंती, भाड्याच्या खोल्या, जिथे जमेल तिथे त्यांनी कला मांडली. त्यांची पत्रिकाही चालू राहिली.

दोन उदाहरणं मी वर्गात सांगते. पहिलं मायकेल पारेकोफाई या कलाकाराचं. 2012 मध्ये त्याचे ब्राँझचे दोन मोठे बैल एका मोकळ्या जागेत आणून ठेवले. एक पियानोवर उभा, एक पियानोवर बसलेला. "बाई, बैल पेटीवर कशाला चढला?" असा प्रश्न आमच्याकडे आलाच. पोळ्याला बैल सजवणाऱ्या मुलांना तो बैल परका वाटला नाही, पियानो मात्र समजावून सांगावा लागला. आजूबाजूला पडझड आणि मधोमध तो उभा बैल. लोकांना तो इतका आपला वाटला की पुढच्या वर्षी त्यांनी लोकवर्गणीतून दोन लाखांहून जास्त डॉलर जमवले आणि उभा बैल कलादालनासाठी विकत घेतला गेला. शाळेच्या पत्र्यासाठी वर्गणी मागत फिरलेल्या शिक्षकांना वेगळं काय सांगू?

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. सिडनहॅम या भागातल्या एका भिंतीवर वेन यूल या कलाकाराने मोठं चित्र रंगवलं. सुताराच्या दुकानात हत्यारं टांगायची फळी असते ना? कुठलं हत्यार कुठे ठेवायचं ते कळावं म्हणून तिच्यावर प्रत्येकाचा आकार रंगवतात. हत्यार जागेवर नसेल तर नुसती आकृती दिसते. यूलचं चित्र तशा फळीचं आहे. त्याचं नाव मराठीत सांगायचं तर, 'माझी विनोदबुद्धी सध्या कुठेतरी हरवलेली दिसते'. ते ऐकून मुलं हसली.

आपल्याला हे नवीन नाही. 2020 मध्ये 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणत आपणही गावातल्या भिंती रंगवल्याच की. पण त्याची दुसरी बाजूही मुलांना सांगा. बैल उघड्यावर राहू शकतो, जुनं तैलचित्र नाही राहू शकत. संग्रहातली चित्रं रोज येऊन बघण्याची सोय त्या पाच वर्षांत नव्हती. भूकंपाच्या वेळी पाच वर्षांचं असलेलं मूल दारं उघडली तेव्हा दहाच्या आसपासचं झालं होतं. भिंतीवर पाढे लिहून आमची शाळाही भरून निघाली नव्हती, हे आपण जाणतोच.

इमारत पुढच्या भूकंपात टिकावी म्हणून तिच्या तळाशी खास आधार बसवले. जमीन हलली तरी झटका वर कमी पोहोचावा, हे त्यांचं काम. हे वर्गात दाखवता येतं. एका ट्रेमध्ये गोट्या पसरा, त्यांवर दुसरा सपाट ट्रे ठेवा आणि त्यात ठोकळ्यांचा मनोरा रचा. आता खालचा ट्रे हलवा. मग गोट्या काढून तसंच करून बघा. आमच्याकडे हा प्रयोग सात वेळा झाला, कारण प्रत्येकाला ट्रे हलवायचा होता.

शेवटी कृती. मोठा तपकिरी कागद घ्या. आपल्या वर्गातून, घरातून किंवा गावातून जी वस्तू आता नाही, तिची नुसती बाह्यरेषा काढून आत काळा रंग भरायचा. नाव लिहायचं नाही, इतरांनी ओळखायचं. आमच्या कागदावर पाटा-वरवंटा आला, एक सायकल आली, वडाचं झाड आलं आणि एका मुलीने आमच्या बंद खोलीचं दार काढलं. कागद ओसरीच्या खांबाला बांधला आहे. येणारे-जाणारे थांबून ओळखत बसतात, आता मी त्यांना हटकत नाही.

तुम्ही हा पाठ घेतलात तर तुमच्या मुलांनी काय काय काढलं ते जरूर कळवा.