जुन्या सीडी प्लेअरची दुरुस्ति व सुधारणा



पुष्कळ घरांतील कपाटांत आज एखादा जुना सीडी प्लेअर धूळ खात पडलेला असतो. मोबाइलवर गाणीं ऐकण्याची सोय झाल्यापासून त्याच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. परंतु ज्यास जिज्ञासा आहे, त्यास पदार्थविज्ञानाचीं कितीतरी प्रकरणें त्या एका पेटींत सांपडतील. अशा यंत्राचे दोष कसे शोधावे व त्याचा आवाज अधिक चांगला कसा करावा, हें ह्या लेखांत सांगण्याचा विचार आहे. प्रारंभींच माझी एक चूक कबूल करितों; कारण हा सर्व लेख त्या चुकीचेंच फळ होय.

माझ्या वडिलांचा एक सीडी प्लेअर होता. रविवारीं उपासनेहून परत आल्यावर ते त्यावर भक्तिगीतें ऐकत. कांहीं वर्षांनीं तो तबकडी वाचतांना अडखळूं लागला. आंतील एक लहानसा स्क्रू फिरविला म्हणजे लेझर जोरानें चालतो, असें मीं कोठेंसें वाचलें होतें. मीं तो फिरविला. यंत्र खरोखरच वाजूं लागलें, आणि मला मोठी धन्यता वाटली. दीड महिन्यानें तें कायमचें बंद पडलें. पुढें एका जाणत्या कारागिरानें तें उघडलें, तेव्हां भिंगावर धुळीचा पातळ थर व सरकण्याच्या दांडीवर घट्ट झालेलें वंगण जसेंच्या तसें होतें. मूळ दोष एवढाच. त्यास मीं हातहि लावला नव्हता, आणि निरोगी लेझर मात्र अधिक विजेनें जाळून टाकला होता. त्या बनावटीचा लेझर आतां मिळत नाहीं. वडील मला एक शब्दहि बोलले नाहींत, ही शिक्षा पुरेशी झाली.

यंत्र कसें चालतें

कॉम्पॅक्ट डिस्क ही फिलिप्स व सोनी ह्या दोन कंपन्यांनीं मिळून सिद्ध केली. सोनीचा ‘सीडीपी-१०१’ हा प्लेअर १ ऑक्टोबर १९८२ रोजीं जपानांत विक्रीस आला. तबकडीचा व्यास १२ सेंटिमीटर असतो. तिच्यांत सूक्ष्म खळग्यांची एकच सर्पिल रेषा मध्यापासून कडेकडे जाते. ह्या रेषेच्या दोन वळशांतील अंतर केवळ १.६ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरांत सहाशेंहून अधिक वळसे मावतात. सबंध रेषा उलगडली तर ती सुमारें पांच किलोमीटर भरेल! ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर किरण भिंगांतून ह्या रेषेवर पडतो, व परत आलेल्या प्रकाशावरून खळगे ओळखले जातात. रेषेचा वेग सारखा राहावा म्हणून तबकडी आंतील बाजूस मिनिटास सुमारें ५०० व बाहेरील कडेस सुमारें २०० फेरे घेते. ध्वनीचीं मापें सेकंदास ४४,१०० वेळां घेऊन अंकरूपानें सांठविलेलीं असतात. त्या अंकांपासून विजेच्या लहरी पुन्हा बनविणाऱ्या भागास ‘डॅक’ म्हणतात.

इतक्या बारीक रेषेवर नेम धरणाऱ्या भिंगास धुळीचा पातळ थरहि पुरेसा अडथळा होतो, हें आतां ध्यानांत येईल.

दोष शोधण्याचा क्रम

सोप्यापासून कठिणाकडे, आणि ज्यानें हानि होणार नाहीं त्यापासून ज्यानें होऊं शकेल त्याकडे, असा क्रम ठेवावा.

पहिली परीक्षा तबकडीची. एकच तबकडी अडखळत असेल, तर दोष यंत्राचा नव्हे. ती मऊ फडक्यानें मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून पुसूं नये. प्लेअरमध्यें चुका सुधारण्याची गणिती योजना असते. ती रेषेचा सुमारें अडीच मिलिमीटर भाग नाहींसा झाला तरी भरून काढते. आडवा ओरखडा रेषेस क्षणभरच छेदतो; गोल ओरखडा मात्र तिच्यावरून लांबवर जातो व ही योजना निरुपयोगी करितो.

दुसरी परीक्षा भिंगाची. सर्वच तबकड्या अडखळत असतील, तर कापूस गुंडाळलेली काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलांत किंचित् भिजवून भिंग हलक्या हातानें पुसावें. भिंग नाजूक आधारावर तरंगत असतें, म्हणून तें दाबूं नये.

तिसरी परीक्षा हालचालीची. प्रत्येक तबकडी जवळजवळ त्याच मिनिटास अडकत असेल, तर सरकण्याच्या दांडीवरील किंवा दांत्यांतील जुनें वंगण अडथळा करीत आहे असें समजावें. तें पुसून अगदीं थोडें नवें लावावें. तबकडीचा खण बाहेर येत नसेल, तर बहुधा रबरी पट्टा सैल झालेला असतो.

चौथी परीक्षा सांध्यांची. यंत्र थंड असतांना चालतें व तापल्यावर बिघडतें, किंवा ह्याच्या उलट होतें, तेव्हां सोल्डरच्या सांध्यास तडा गेला असण्याचा संभव असतो. फिलिप्सच्या १९८४ सालच्या ‘सीडी १०४’ ह्या प्लेअरमध्यें मंडलाच्या दोन बाजू लहान पोकळ रिव्हिटांनीं जोडलेल्या होत्या, व कालांतरानें तेथील सोल्डर सुटतें. छिद्रांतून बारीक तार घालून ती दोन्ही बाजूंस सोल्डर केली कीं यंत्र पुन्हा भरंवशाचें होतें.

आवाजांत घुमल्यासारखी गुणगुण येऊं लागली, तर वीजपुरवठ्यांतील कपॅसिटर पाहावे. आपल्या घरांतील वीज सेकंदास ५० आवर्तनें करिते. ती एकदिश करितांना १०० आवर्तनांचे चढउतार उरतात व ते हे कपॅसिटर सपाट करितात. त्यांतील द्रव सुकला म्हणजे हें काम अपुरें होतें. नवा कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच अगर अधिक व्होल्टचा असावा, आणि त्याचें धन व ऋण टोंक उलट लागूं नये.

लेझरचा स्क्रू सर्वांत शेवटीं, आणि तोहि मोजण्याचीं साधनें हातीं असतील तरच.

आवाज सुधारणें

दोष गेल्यावाचून सुधारणेस हात घालूं नये. बहुतेकांना केवळ मोठ्या आंकड्याचें आकर्षण असतें. परंतु फिलिप्सच्या पहिल्या यंत्रांतील डॅक १६ ऐवजीं १४ बिटांचा होता, आणि तरीहि तो चौपट वेगानें, म्हणजे सेकंदास १,७६,४०० वेळां, चालवून व गोंगाट ऐकूं येणाऱ्या स्वरांबाहेर ढकलून अभियंत्यांनीं १६ बिटांच्या तोडीचा आवाज मिळविला. पुष्कळ जण डॅकनंतरचा ऑप-अँप बदलतात. तो बदलतांना सॉकेट बसवावें, म्हणजे जुना परत लावितां येतो. फार वेगवान ऑप-अँप अयोग्य ठिकाणीं बसविला तर तो आपोआप कंप पावूं लागतो व आवाज उलट बिघडतो.

बदल खरोखर लाभदायक झाला किंवा नाहीं, हें कसें ठरवावें? आपण घाम गाळला म्हणजे कानांस गोडी वाटूं लागते. शिवाय किंचित् मोठा आवाज नेहमींच अधिक चांगला भासतो. म्हणून एक उपाय सांगतों. बदल फक्त डाव्या बाजूस करावा व उजवी तशीच ठेवावी. मग दोन्ही बाजूंस एकच ध्वनि असलेली मोनो तबकडी लावावी. दोन्ही बाजूंची पातळी मल्टिमीटरनें मोजून सारखी करावी, व एकाच स्पीकरवर आळीपाळीनें त्या ऐकाव्या. तार कोणती जोडली आहे हें ऐकणाऱ्यास कळूं देऊं नये. दहा वेळांपैकीं नऊ वेळां त्यानें अचूक ओळखली, तर भेद आहे असें मानण्यास आधार आहे. पांचच वेळां ओळखली, तर नाणें उडवूनहि तेवढें यश मिळालें असतें! एका वेळीं एकच बदल करावा व तो वहींत लिहून ठेवावा.

पालकांस विनंति

यंत्राचें झांकण उघडण्यापूर्वीं वायर भिंतींतून काढलेली आहे हें स्वतः पाहावें. आंत २३० व्होल्टचे भाग असतात, आणि कपॅसिटरमध्यें कांहीं वेळ वीज सांठून राहते. झांकण उघडें ठेवून यंत्र चालवूं देऊं नये. हा लेझर अवरक्त असल्यामुळें डोळ्यांस जवळजवळ दिसत नाहीं, व म्हणून पापणी आपोआप मिटून होणारें रक्षणहि घडत नाहीं. ह्या दोन गोष्टी सांभाळल्या, तर मुलांस एखादें जुनें यंत्र अवश्य उघडूं द्यावें.

मित्रांनो, ज्या उपायानें लक्षण दबतें तो उपाय खरा असेलच असें नाहीं. माझें यंत्र दीड महिना उत्तम वाजलें, आणि तेवढा काळ मी स्वतःस हुशार समजत होतों. कारण सांपडेपर्यंत हात आवरावा, हें मी त्या यंत्रापासून शिकलों. तें यंत्र अजून माझ्या टेबलावर आहे. तुम्हांपैकीं ज्यास तें आंतून पाहावयाचें असेल, त्यानें शाळा सुटल्यावर माझ्याकडे यावें.