आकार जुळला, फाइल जुळली?

प्रश्न : लग्नाचे फोटो पोर्टेबल हार्ड डिस्कवर कॉपी केले. फाइलींची संख्या आणि आकार जुळतो. आता मेमरी कार्ड पुसू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : थोडं थांबा. घाबरण्यासारखं काही नाही, कॉपी बहुधा नीटच झाली असेल. पण आतला एखादा बाइट बदलला तरी आकार तोच राहतो. फाइली कॉपी करणारं आरसिंकसारखं साधनही एरवी आकार आणि बदलाची वेळ एवढंच पाहतं. ‘चेकसम’चा पर्याय दिला, तरच मजकूर ताडतं. म्हणून विंडोजमधल्या सर्टयुटिल या आज्ञेने मूळ फाइल आणि प्रत, दोन्हींचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, काढा. त्याची ६४ अक्षरं तंतोतंत जुळायला हवीत. त्याआधी डिस्क ‘इजेक्ट’ करून पुन्हा जोडा, नाहीतर संगणक स्वतःच्या मेमरीतलीच प्रत वाचून दाखवू शकतो. मूळ फोटोच खराब असेल, तर हॅश जुळूनही उपयोग नाही. म्हणून काही फोटो उघडून बघाच. आणि दुसरी प्रत झाल्याशिवाय कार्ड पुसू नका.