दप्तरदार मूळचे ग्रीसचे?

प्रश्न : आमचं आडनाव दप्तरदार. मुलीच्या शाळेतले सर म्हणाले, हे नाव मूळचं ग्रीक आहे. घरातली वडीलधारी मंडळी मात्र 'आपण निजामाच्या राज्यातले हिशेबनीस' असं सांगत आली. खरं काय मानायचं?
– एक वाचक, हदगाव (जि. नांदेड)

उत्तर : दोन्ही मानायला हरकत नाही. सर शब्दाचं मूळ सांगतात, वडीलधारी मंडळी हुद्दा.

ग्रीक भाषेत 'डिफ्थेरा' म्हणजे कमावलेलं कातडं. इतिहासकार हिरोडोटस इ. स. पू. पाचव्या शतकात लिहितो, की पपायरसची टंचाई होती तेव्हा आयोनियातले ग्रीक शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यावर लिहीत. पुढे पपायरस मिळू लागला तरी ते त्याला कातडंच म्हणत राहिले. हा शब्द पश्चिम आशियातल्या भाषांमधून फिरत अरबी-फारसीत 'दफ्तर' झाला, म्हणजे नोंदवही. फारसी कारभाराबरोबर तो दख्खनेत उतरला. 'दार' हा फारसी प्रत्यय, अर्थ बाळगणारा. घटसर्पाचं डिप्थेरिया हे नावही याच कातड्यावरून पडलं, कारण त्या रोगात घशात चामड्यासारखा पापुद्रा धरतो.

मराठेशाहीत फडणीस रोजकीर्द लिही. दप्तरदार तिच्यावरून खतावणी करी आणि दरमहा गोषवारा सरकारात धाडी. कागद कापडात बांधून ठेवत, त्या गाठोड्याला रुमाल म्हणत.

तुमच्या भागावर राज्य निजामाचं. तिथं दफ्तर-ए-दिवाणी आणि दफ्तर-ए-माल अशी दोन मोठी दप्तरं होती. मराठवाड्याकडचा हिशेब पहिल्यात, रायरायां या मराठी ब्राह्मण घराण्याकडे. तेलंगणाचा दुसऱ्यात, मालवाला या कायस्थ घराण्याकडे. १८५३ साली पहिले सालारजंग दिवाण झाले. त्यांनी कारभाराची घडी बदलली आणि पिढीजात दप्तरदारांचं महत्त्व ओसरलं.

पण शब्द ग्रीक म्हणून घराणं ग्रीक ठरत नाही. फडणीस, चिटणीस, पोतनीस यांच्यासारखंच हे कामावरून पडलेलं आडनाव. असा हुद्दा ठिकठिकाणी असे, त्यामुळे सगळे दप्तरदार एकमेकांचे भाऊबंद असतीलच असं नाही. नागपूरचे पंचांग-संशोधक विद्वद्रत्न के. ल. दप्तरी यांचं आडनावही याच शब्दावरचं; तेवढ्यावरून सोयरीक जुळवू नये.

तुमचे पूर्वज नेमकं कुठलं दप्तर सांभाळत, हे शब्दकोश सांगणार नाही, कागद सांगतील. घरात जुनी सनद किंवा हिशेबाचे कागद असतील तर मोडी आणि फारसी जाणणाऱ्याला दाखवा. निजामाच्या या दोन्ही दप्तरांचे कागद हैदराबादला तारनाक्याच्या तेलंगणा राज्य अभिलेखागारात आहेत. तिथं जाल तेव्हा नुसतं आडनाव सांगू नका. गाव, परगणा आणि तीन-चार पिढ्यांची नावं लिहून न्या.