वैशंपायनाच्या निमित्ताने

वाई,
माघ वद्य पंचमी

चि. श्रीधर यास तात्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, तुझी आत्या परवा ठाण्याहून परत आली, आणि तुमच्याकडचे क्षेमकुशल, मृदुलेच्या हातच्या सांज्याची तारीफ, लिफ्ट बंद पडल्याचे गाऱ्हाणे असे सर्व यथासांग सांगून झाल्यावर, उठता उठता, जणू त्यात विशेष काही नाही अशा स्वरात म्हणाली, "तात्या, त्या पोपटाला अण्णाचा आवाज आला आहे." पहाटे ती चहाचे आधण ठेवीत असता गॅलरीतून "चूप बस म्हटलं ना!" असा खडा आवाज आला, आणि अण्णाला, तुझ्या वडिलांना, जाऊन इतकी वर्षे लोटली असतानाही तिच्या हातातली गाळणी ओट्यावर पडली. सांगताना ती हसली. पण माझी बहीण कोणत्या वेळी कशासाठी हसते, हे मला तिच्या परकर-पोलक्याच्या वयापासून ठाऊक आहे. हे ऐकल्यापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. ते वाक्य त्या पाखराने कोठे ऐकले?

प्रथम तुझ्या बाजूने जे आहे ते नमूद करतो. झाडाच्या ढोलीतून पिल्ले ओढून काढणाऱ्यांकडून आपला हिरवा रावा विकत घेण्याचा गुन्हा तू केला नाहीस. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे बेकायदा आहे, हे अजून पुष्कळांच्या गावीही नसताना, तू आफ्रिकेतल्या जातीचा, पैदास करणाऱ्याच्या घरीच जन्मलेला राखी पोपट घेतलास आणि त्याची पावती, नोंदणीचा दाखला, सगळे दप्तर चोख ठेवलेस. मामलेदार कचेरीत हयात गेलेल्या माणसाला याचे अप्रूप वाटणारच. आणि म्हणूनच तू नाव विचारलेस तेव्हा बाणभट्टाच्या 'कादंबरी'तला, राजा शूद्रकाच्या भर दरबारात उजवा पाय उचलून आर्या म्हणणारा वैशंपायन मी मोठ्या हौसेने सुचवला. त्याचा तुम्ही 'शंपी' करून टाकलात, तेही मी सोसले. परंतु कागद चोख असले म्हणजे वर्तन चोख असते असे नाही, एवढे त्या कचेरीतच माझ्या ध्यानात आले होते.

दिवाळीच्या सुमारास फोनवर तुझी तक्रार अशी होती की, हा पक्षी मठ्ठ आहे. रोज पाव तास सूर्यफुलाच्या बिया हातात घेऊन 'शुभं करोति' शिकवतो, तर एक अक्षर उचलत नाही, वर चावतो आणि किंचाळतो. श्रीधर, तो मठ्ठ असता तर आत्याच्या हातची गाळणी पडली नसती. त्याने पाठ उत्तम केला आहे. फक्त कोणता धडा घ्यायचा हे त्याने स्वतः ठरवले. पाव तासाच्या शिकवणीत तुझा आवाज सपाट असतो, लक्ष घड्याळाकडे असते. उरलेल्या दिवसात जे शब्द पोटातून, आवेशाने निघतात, तेच त्या कानांना मोलाचे वाटतात.

चावण्याचेच घे. आत्याने स्वतःचा हात पुढे करून मला सगळे दाखवले: तू दार उघडून हात आत घालतोस, पक्षी पाय उचलण्याआधी चोच पुढे करून तुझ्या बोटाला टेकवतो, आणि तू हात झटकन मागे घेतोस. अरे, तो चावा नव्हता. चढताना चोच हा पोपटाचा तिसरा पाय असतो. समोरची फांदी आपला भार पेलेल की नाही, हे तो आधी चोचीने चाचपतो आणि मग पाऊल ठेवतो. नेमकी त्याच क्षणी फांदी सरकली, की पुढच्या खेपेस तो अधिक घट्ट धरतो; घट्ट धरले की तू ओरडतोस; आणि ज्या दिवशी त्याला हातावर यायचेच नसते, त्या दिवशी एका चाव्यासरशी हात दूर होतो, हेही त्याला कळून चुकते. यापुढे हात त्याच्या पोटाखाली, पायांच्या किंचित वर, निश्चल धरावा. आणि त्याआधी त्याच्या डोळ्यांकडे पाहावे. पिवळट कड्यातली काळी बाहुली भराभर लहानमोठी होत असेल, मानेवरची पिसे उभारली असतील, तर ती वेळ हात घालण्याची नव्हे. दार उघडे ठेवून, काही वाचीत, शेजारी बसावे.

किंचाळण्याचेही तसेच. ही जात मध्य आफ्रिकेच्या अरण्यांत थव्याने राहणारी. सोबती नजरेआड झाला की हाक घालून त्याचा ठाव घ्यायचा, हा तिचा उपजत धर्म. तुमच्या सातव्या मजल्यावर त्याचा थवा म्हणजे तुम्ही दोघे. तू न्हाणीघरात गेलास की तो हाक मारतो. त्या पहिल्या, साध्या हाकेला आतून एक शीळ दिलीस तर प्रकरण तेथेच मिटेल. पण तू ऐकून न ऐकल्यासारखे करतोस, आणि आवाज टिपेला पोहोचला म्हणजे ओल्या अंगाने धावत येऊन दटावतोस. तुझ्या मते ती शिक्षा झाली. त्याच्या मते हाकेला ओ मिळाली. कधी दुर्लक्ष आणि कधी धाव, हा प्रकार तर सर्वांत घातक. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने उंदीर आणि कबुतरे यांवर प्रयोग करून दाखवले की, हमखास मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा अनियमितपणे मिळणाऱ्या बक्षिसाने जडलेली सवय मोडणे अधिक कठीण असते. मटक्याचा नाद लागलेला माणूस रोज हरूनही आकडा लावायला जातोच ना, तसे. आता तू एकाएकी धावणे बंद केलेस तर आरंभी तो अधिकच किंचाळेल; शेजाऱ्यांची क्षमा मागावी, पण त्या वेळी उठू नये. तो शांत झाला, किंवा हलकी शीळ घातली, की तत्काळ जवळ जावे.

इतके लिहून मी मनाची समजूत घालू पाहत होतो की, ते वाक्य तू त्या पक्ष्यालाच उद्देशून बोलला असशील. पण आत्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती वर लिहायला माझी लेखणी धजली नाही. "चूप बस म्हटलं ना!" एवढ्यावर तो थांबत नाही. क्षणभर विराम घेतो, आणि मग आतून कडी लागल्याचा 'खट्' असा आवाज काढतो. दर वेळी, त्याच क्रमाने. श्रीधर, पोपटाला दटावून खोलीची कडी कोणी आतून लावून घेत नाही.

पक्षी असले काही उचलतो कसे, तेही सांगतो. आयरीन पेपरबर्ग या अमेरिकन विदुषीने १९७७ साली शिकागोतल्या एका दुकानातून याच जातीचा एक पोपट घेतला. ॲलेक्स त्याचे नाव. २००७ साली तो वारला, तोपर्यंत शंभराच्या आसपास शब्द त्याला अवगत होते. रंग आणि आकार विचारले तर तो सांगे, सहापर्यंतच्या वस्तूंची संख्याही सांगे. तिची रीत मोठी विचार करण्याजोगी आहे. पक्ष्यासमोर दोन माणसे बसत. एक वस्तू दाखवून नाव विचारी, दुसरा सांगे. बरोबर सांगितले तर ती वस्तूच हाती मिळे, चुकले तर ती क्षणभर दृष्टिआड होई. मग दोघे भूमिका बदलीत. पोपट बाजूला बसून पाहत असे. आपल्या परंपरेतही मंडनमिश्रांच्या दारातल्या, मीमांसा बोलणाऱ्या पोपटांची कथा आहेच. त्यांना मीमांसेचा पाठ देण्यासाठी कोणी पंडित बियांची वाटी घेऊन बसला नव्हता, त्या घरात जी चर्चा नित्य चाले तीच त्यांच्या कानी पडली. म्हणून म्हणतो, तू वैशंपायनाशी कसे बोलतोस हा पुढचा प्रश्न. तू आणि मृदुला एकमेकांशी कसे बोलता, हाच त्याचा क्रमिक अभ्यास.

अण्णाविषयी तुला मी काय सांगावे? तू त्याच घरात वाढलास. तो मनाचा वाईट नव्हता. माझी परीक्षेची फी त्यानेच भरली. पण संध्याकाळी पेढीवरून आला की त्याचा आवाज चढे, आणि वहिनी ताट वाढून भिंतीशी सरून उभ्या राहत. मी त्या वेळी कॉलेजात. आवाज चढला की पुस्तक उचलून गणपतीच्या घाटावर जाई. तेथे बसून किती कादंबऱ्या वाचल्या असतील, आज एकीचेही कथानक आठवत नाही. लग्नापूर्वी वहिनी फार सुरेख गात, असे त्यांच्या माहेरचे लोक सांगत. आमच्या घरात मी ते कधी ऐकले नाही. एकदा तरी म्हणावेसे वाटायला हवे होते, "वहिनी, काही म्हणा ना." आता ते कोणाला म्हणणार?

फार कठोर लिहिले गेले. तुला दोष देण्याचा अधिकार वयाने मिळतो, असे मी मानीत नाही. शिवाय मला तुझे दुसरेही रूप ठाऊक आहे. तू सात-आठ वर्षांचा असताना परसातल्या फणसाखाली खारीचे पिल्लू सापडले, आणि कापसाच्या वातीने त्याला थेंब थेंब दूध पाजीत तू माजघरात ठाण मांडलेस. कोणी मोठ्याने बोलले की तोंडावर बोट ठेवीत असस. ते पिल्लू जगले तितके दिवस घरातली सगळी माणसे हळू बोलली. अण्णासुद्धा. ते तुझ्या एकट्याच्या धाकाने, आणि तू ब्रदेखील काढला नव्हतास.

आता कामाचे चार शब्द. छातीवरची पिसे तो उपटतो आहे असे कळले; ते मनाचे दुखणे ठरवण्याआधी पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखव, शरीराचे दुखणे असू शकते. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता हवी. टीव्हीपाशी पिंजरा नको. न चिकटणारे तवे अति तापले तर त्यांची वाफ पक्ष्यांना प्राणघातक असते, हे मृदुलेला सांग. शिक्षा म्हणून पिंजऱ्यावर चादर टाकणे आजपासून बंद.

आत्याच्या शेजारच्या मुलाबरोबर परसातले पेरू, ओल्या हरभऱ्याचे घाटे आणि थोड्या लवंगी मिरच्या पाठवतो आहे. पक्ष्यांना मिरची झोंबत नाही, निर्धास्त दे. पण त्या मृदुलेने द्याव्या आणि तू शेजारी बसावे. दोघांनी काही बोलत बसावे, विषय कोणताही चालेल.

पत्र वाचून राग आला तर फोन करून माझ्यावर काढ, मी ऐकून घेईन. कडीची गोष्ट आत्याच्या आणि माझ्यापलीकडे गेलेली नाही, जाणारही नाही. मृदुलेला काही सांगावेसे वाटले तर तिनेही मला बेलाशक लिहावे. ती या घरची सून असली तरी माझ्या लेखी लेकच आहे. पाडव्याला तिघेही वाईला या. काही बिनसले असेल तर या. आणि हा सगळा माझ्या म्हातारपणाचा भ्रम असेल, तर मला हसायला म्हणून या.

तुझा,
तात्या