पाटीच्या आधी माती

पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकमध्ये, म्हणजे विनोबांच्या जन्मगावी, मी लहान मुलांमध्ये काम करते. शिक्षण झालं शहरातल्या एका गृहविज्ञान महाविद्यालयात. त्याच्या आवारातच बालवाडी होती. प्राध्यापकांची, शिपायांची, कॅन्टीनमधल्या बायकांची मुलं तिथे एकत्र खेळायची आणि आम्ही विद्यार्थिनी वही घेऊन कडेला बसायचो. तिथे जे शिकले आणि इथे जे पारखून घेतलं, ते लिहिते.

१. आधी बघा, मग शिकवा.
आमच्या बाईंची शिस्त कडक होती. वहीत ‘मूल हट्टी आहे’ असं लिहायचं नाही. ‘डबा उघडेना, झाकण दातांनी ओढलं, तरी दुसऱ्याला हात लावू दिला नाही’ असं लिहायचं. मत नको, घडलं ते हवं. ही सवय मला जन्मभर पुरली. आमच्याकडे वाडीवरची एक कातकरी मुलगी येऊन गप्प बसायची. ‘ही बोलतच नाही’ असं सगळे म्हणायचे. एकदा ओढ्यातल्या खेकड्यांचा विषय निघाला आणि ती तिच्या बोलीत सुटली: बीळ कसं ओळखायचं, हात कुठून घालायचा, नांगी कशी धरायची. बोटांनी करूनही दाखवलं. तिला बोलता येत होतंच. आम्ही तिच्या माहितीतलं काही विचारलं नव्हतं.

२. खेळणी आणण्याआधी गाव धुंडाळा.
पेण, हमरापूर, जोहे ही गणपतीच्या मूर्तींची गावं. शाडूची माती इथे कुणाला नवलाची नाही. तीन वर्षांचं मूल ती नुसती दाबतं, थापतं. पुढे वळकटी करून साप होतो, मग सापाला डोळे येतात, आणि पाचव्या वर्षाच्या आसपास शेपटीचा उंदीरही होतो. त्या दाबण्या-वळण्यात अंगठा आणि बोटं तयार होतात. पेन्सिल धरायला तीच लागतात. सागरगोटे, चिंचोके, आंब्याच्या कोयी, करवंट्या यांची वर्गवारी करता करता मोजणं येतं. गुंजा मात्र दिसायला सुंदर असल्या तरी कधीही देऊ नका, त्या विषारी असतात. आणि तिनाच्या आतल्या मुलांच्या हाती कुठलीच बारीक बी नको. ती आधी तोंडात जाते, नाहीतर नाकात.

३. पालकांना भाषण देऊ नका, शेजारी बसवा.
‘बाई, नुसतं खेळवताच का? पाटी कधी देणार?’ हा प्रश्न दरवर्षी येतो आणि तो रास्त आहे. आपलं पोर मागे पडू नये असं कुणाला वाटणार नाही? एक आजी असंच विचारायला आल्या आणि बसल्या. मुलं चिपट्याने तूस मोजून मापटं भरत होती. आजींनी पाहिलं, पुढे झाल्या, तळहाताने शीग सपाट केली आणि म्हणाल्या, ‘आता मोज.’ दोन चिपट्यांनी मापटं भरलं. दुप्पट-निमपटीचा धडा आजींनीच घेतला. त्यानंतर त्यांनी पाटीबद्दल विचारलं नाही.

४. भांडणात लगेच पडू नका.
लागेल असं काही हातात नसेल तर थोडं थांबा. वाटाघाटी मुलं स्वतः करतात.

५. हे नवं खूळ नाही.
भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांनी १९२० साली बालमंदिर सुरू केलं. तिथे काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं आणि पुढे अनुताई वाघांसोबत कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केलं. मूल शाळेत येत नाही म्हणून शाळाच अंगणात नेली, गुरं चारणाऱ्यांसाठी कुरणात नेली. सेविकांचं प्रशिक्षणही मुलांच्या सोबतीनेच चालायचं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वयासाठी खेळातून शिकणं मान्य केलं. कोसबाडला ते कित्येक वर्षं आधी करून झालं होतं.

६. आई जिथे, तिथे बालवाडी हवी.
हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. महाविद्यालयातली ती बालवाडी चालायची, कारण आई हाकेच्या अंतरावर होती. २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केलं. आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायची मुभाही दिली. आमच्या भागात दिवाळी झाली की वाड्यांवरची कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. पटावर नाव राहतं, मूल भट्टीवर असतं. मातीत तेही खेळतं, पण तिथे त्याच्याकडे बघणारं, त्याच्याशी बोलणारं मोकळं माणूस नसतं. कुरणात शाळा नेता आली, तर भट्टीवर का नाही?

पेण, रोहा, अलिबागच्या महाविद्यालयांना आणि अध्यापक विद्यालयांना माझी विनंती आहे: आपल्या आवारात झाडणाऱ्या, डबे करणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी एक खोली द्या आणि तिथे आपल्या विद्यार्थ्यांना बघायला बसवा. हंगामात त्यातले काहीजण जवळच्या भट्टीवर पाठवा. शाडू आमच्याकडून घेऊन जा.