कॅपचे पैसे वेगळे

डोंबिवलीत स्टेशनपासून आमच्या घरापर्यंत दातांचे दवाखाने किती आहेत, ते मोजायचं मी कधीच सोडून दिलं. त्यातल्या एकाच्या काचेवर ठळक अक्षरांत ‘रूट कॅनल फक्त रु. 2,500’ असं लिहिलं होतं. ह्यांच्या खालच्या दाढेचं काम तिथेच झालं. काम वाईट नव्हतं, ठणका थांबला. पण कॅपचे पैसे वेगळे आणि मुळात कॅप बसवलीच पाहिजे, हे कोणी धड सांगितलं नाही. ‘नंतर बघू, घाई नाही’ एवढ्यावर बोळवण झाली. रूट कॅनलमध्ये दाताची नस काढतात आणि किडीने व ड्रिलने आतला बराच भाग गेलेला असतो. चावण्याचा सगळा भार पेलणारी दाढ तशीच ठेवली, तर ती उभी चिरू शकते. ह्यांची चिरली शेंगदाण्याच्या चिक्कीने, थेट मुळापर्यंत. अशी दाढ वाचत नाही, काढावीच लागते. अडीच हजार गेले, दाढ गेली आणि रिकामी जागा भरायचा खर्च पुढे उभा राहिला.

तेव्हापासून मी कुठेही गेले तरी आधी एकच विचारते: या दाताने भाकरी चावता येईपर्यंत सगळे मिळून किती? एक्स-रे, रूट कॅनल, आतली खुंटी लागली तर ती, कॅप, सगळं धरून. इम्प्लांटच्या बाबतीत तर हे विचारायलाच हवं. जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा हाडात बसवायच्या टायटॅनियमच्या स्क्रूचा असतो. त्यावरचा जोड, त्यावरची कॅप आणि हाड कमी असेल तर ते भरण्याचा खर्च नंतर निघतो.

पुढे माझीच पाळी आली. हिरड्या सुजायच्या, वरचे दोन-तीन दात हलायचे. एका चकचकीत दवाखान्यात जबड्याचा पूर्ण एक्स-रे, म्हणजे ओपीजी काढला. डॉक्टर जेमतेम भेटले, खरी बोलणी केली ती टाय लावलेल्या ‘काउन्सेलर’ मुलाने. वरचे सगळे दात काढायचे, इम्प्लांटवर पक्की कवळी बसवायची, साडेचार लाख, आज सही केली तर सूट आणि हप्ते बिनव्याजी. दात काढण्याचा निर्णय सूट संपायच्या आत घ्यायचा, हे ऐकूनच माझं मन उठलं. मी ओपीजी आणि कोणत्या दाताला काय करणार ते लिहून मागितलं. एक्स-रेचे पैसे आपण भरलेले असतात, तो मागताना ओशाळायचं कारण नाही.

हप्त्यांचं एक सांगते. ते दवाखान्याचे नसतात. फायनान्स कंपनी तुमच्या नावावर कर्ज काढते आणि पैसे दवाखान्याला देऊन मोकळी होते. उद्या काम अर्धवट राहिलं किंवा दवाखान्याला कुलूप लागलं, तरी हप्ता तुमच्या खात्यातून कापला जातो. आणि मेडिक्लेमच्या भरवशावर राहू नका. साध्या पॉलिसीत अपघाताने झालेली इजा सोडली, तर दातांचा खर्च सहसा धरत नाहीत.

ते कागद घेऊन मी सीएसएमटीजवळ, सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात गेले. मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, पण मध्य रेल्वेवाल्यांना हे सोयीचं. नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय कॉलेजं आहेत, गोव्यात बांबोळीला आहे. कराड, सांगली, लोणी, सावंगी, पुण्यात धनकवडी इथल्या खासगी कॉलेजांतले दरही बाहेरच्या दवाखान्यापेक्षा बरेच कमी असतात.

केसपेपर काढला की आधी तपासणीच्या विभागात बसवतात आणि तिथून ज्या-त्या विभागात पाठवतात. माझ्या बाबतीत पहिलं पत्र निघालं ते रक्तातल्या साखरेच्या तपासणीचं, आणि साखर वाढलेली निघाली. मधुमेह आटोक्यात नसेल तर हिरड्या सैल होतात, हे साडेचार लाखांच्या कागदावर कुठेच नव्हतं. साखर खाली आणली, हिरड्यांची खोल सफाई झाली आणि हलणाऱ्यांपैकी एक दात चांगला घट्ट बसला. दोन काढावे लागले, दोन दाढांची रूट कॅनल झाली. काढलेल्यांच्या जागी आता काढता-घालता येणारे दात आहेत. शेवटच्या दाढेवर मी पूर्ण धातूची कॅप घेतली. सगळ्यात स्वस्त, मजबूत आणि तिच्यासाठी दाढ कमी घासावी लागते. एवढ्या मागे कोण बघायला येतंय?

एका लांबलचक हॉलमध्ये ओळीने खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशी एक विद्यार्थी. माझ्या वाट्याला आलेली मुलगी एमडीएसची होती. म्हणजे बीडीएस होऊन दाताच्या एकाच शाखेचा तीन वर्षांचा अभ्यास करणारी. प्रत्येक टप्प्याला हात थांबवून ती मॅडमना बोलवायची; मॅडम आरसा फिरवून बघायच्या, ‘अजून थोडं खाली जा’ म्हणायच्या. बाहेर तासाभरात उरकणारं काम इथे सकाळ खातं. तोंड उघडं ठेवून जबडा अवघडतो, नळीतलं पाणी मानेवर ओघळतं. पण दोन जोड्या डोळे तुमच्या दाढेवर असतात, ही चैन बाहेर विकत मिळत नाही. शिवाय या मुलांना ठरावीक संख्येने केसेस पुऱ्या करायच्या असतात, त्यामुळे ‘काकू, मंगळवारी येताय ना?’ असा फोन त्यांचाच येतो.

ज्याची रजा मोजून-मापून असते, त्याला हे परवडत नाही, हेही खरं. परीक्षा आणि सुट्ट्यांच्या दिवसांत कामं रेंगाळतात, बॅच बदलली की अर्धं काम दुसऱ्या हातात जातं. म्हणून सुरुवातीलाच विचारून घ्या की हा विद्यार्थी अजून किती महिने इथे आहे. वाटलं तर निदान कॉलेजात आणि काम घराजवळ, असंही करता येतं. तेव्हा डॉक्टरची महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंदणी आहे ना, तेवढं बघा आणि पक्कं बिल घ्या.

परदेशातले नातेवाईक डिसेंबरात येऊन दातांची कामं उरकतात. कॅप, सफाई, रूट कॅनल तीन आठवड्यांत होतं. इम्प्लांट मात्र हाडात मुरायला सहसा तीन ते सहा महिने लागतात, म्हणजे दोन फेऱ्या धरा. आणि इम्प्लांटच्या डबीवरचं स्टिकर मागून घ्या, त्यावर कंपनी, माप, लॉट नंबर असतो. पाच वर्षांनी स्क्रू ढिला झाला, तर दुसऱ्या गावच्या डॉक्टरला नेमका जोड त्यावरूनच शोधता येतो.

ही सगळी घासाघीस सवडीच्या कामासाठी. गाल सुजलाय, ताप आहे, तोंड उघडत नाही किंवा गिळताना त्रास होतोय, तर दर विचारत बसू नका. त्याच दिवशी जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा. दाताचा पू गळ्यात उतरला तर श्वास अडकू शकतो. आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती दात काढायच्या आधी आपल्या मनाने बंद करू नका; दाताच्या डॉक्टरला सांगा आणि गोळी देणाऱ्या डॉक्टरला विचारा.